'सरप्लस ॲसेट्स'ला मराठीत काय लिहायचं? लिलाव, हर्रास, निविदा वगैरे

आमच्या कंपनीचं एक युनिट बंद केलंय आणि तिथल्या दोन लेथ, डीजी सेट (डिझेल जनरेटर), टेबलखुर्च्या, एक जुना टेम्पो असं सगळं लिलावात काढायचंय. पेपरात द्यायची मराठी नोटीस माझ्याकडे आलीय. इंग्रजी ड्राफ्टमधल्या 'सरप्लस ॲसेट्स'चं एजन्सीने 'अधिशेष परिसंपत्ती' केलंय. सेकंडहँड लेथ शोधणाऱ्या वर्कशॉपवाल्याला यातून काय कळणार? 'अतिरिक्त मालमत्ता' लिहू का? आणि 'ॲज इज व्हेअर इज'ला काय म्हणतात?

———

ताई, 'अधिशेष' नकोच, तो ताळेबंदातला शब्द आहे. 'अतिरिक्त'चीही एक अडचण आहे, त्याचे दोन अर्थ निघतात. 'अतिरिक्त शिक्षक' म्हणजे गरजेपेक्षा जास्त झालेले, पण 'अतिरिक्त जिल्हाधिकारी' किंवा 'अतिरिक्त अंबरनाथ एमआयडीसी' म्हटलं की अर्थ होतो आणखी एक. 'अतिरिक्त मालमत्ता' वाचून कुणाला वाटेल आधी एक यादी होती, ही पुढची. शिलकी म्हणावं तर ते अंदाजपत्रकाला शोभतं, आणि फाजीलचा मूळ अर्थ जास्तीचा असला तरी आता तो फक्त लाड नि आत्मविश्वासापुरता उरलाय. 'वरकड' चांगला होता, 'वरकड मूल्य' आपल्याकडे मार्क्सवादी लिखाणात रुळलेला आहे, पण नोटिशीत कुणी ओळखणार नाही. माझं मत, 'वापरात नसलेली यंत्रसामग्री व सामान' असं सरळ लिहा.

———

वरच्या मुद्द्याला जोडून लिहितो, जरा लांबेल. सरप्लस हा शब्द आम्ही गिरणगावातल्या लोकांनी फार जवळून बघितलाय. १९८२ चा संप, मग गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनीला सरप्लस म्हणायला सुरुवात झाली. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, पण २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची राहिली, म्हणजे शेड उभ्या असलेली जागा वाटणीतून गेली. मग २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने विक्री काढली, मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर ४२१ कोटींना, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदललेला नियम उचलून धरला. एखादी गोष्ट सरप्लस आहे हे ठरवतो कोण, हा प्रश्न शब्दातच दडलेला असतो. लूमवर उभं राहणाऱ्या माणसाला ती जमीन कधी जास्तीची वाटली नव्हती. म्हणून 'वापरात नसलेली' मलाही जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात कोण वापरत नाही हे तरी विचारता येतं.

आणि एक, २००५ ची ती विक्री निविदा मागवून झाली होती, लोक सरसकट तिला लिलाव म्हणतात. निविदेत आकडा बंद लिफाफ्यात जातो आणि दुसऱ्याने काय भरलंय ते लिफाफे उघडेपर्यंत कळत नाही. लिलावात समोरच्याचा आकडा ऐकून तुम्ही वर जाता. तुमची विक्री कुठली आहे ते नोटिशीत स्पष्ट लिहा, दोन्ही शब्द एकत्र घालू नका.

———

लिलाव पोर्तुगीजांकडून आलाय, त्यांचा शब्द 'लैलांव'च्या जवळपास ऐकू येतो आणि त्यांनी तो अरबीतून घेतला. हिंदीत त्याचाच नीलाम झाला. गंमत म्हणजे गोव्यात, जिथे पोर्तुगीज सर्वात जास्त राहिले, तिथे देवळात देवाला आलेली फळं वगैरे बोलीवर काढतात त्याला पावणी म्हणतात. आमच्या मराठवाड्यात हर्रास, तोही मुळात अरबीच पण आला निजामाच्या उर्दूतून. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अजून 'हर्रास सुरू झाला का' असंच विचारतात. नोटीस संभाजीनगर, नांदेडकडच्या आवृत्तीत येणार असेल तर कंसात हर्रास लिहायला काय हरकत आहे?

———

सगळ्यांचे आभार. अजून एक विचारते, 'जाहीर लिलाव' असं मोठ्या अक्षरात छापलं तर लोकांना कंपनी बुडाली असं वाटेल का? आमचे साहेब तेवढ्यासाठी 'विक्री मेळावा' लिहा म्हणतायत.

———

वाटू शकतं, कारण आपल्याकडे पेपरात ते दोन शब्द बहुतेक वेळा बँकेच्या वसुलीच्या नोटिशीवर दिसतात. विजय मल्ल्यांच्या किंगफिशर विमान कंपनीचं विलेपार्ल्याचं किंगफिशर हाऊस बँकांनी २०१६ मध्ये १५० कोटी राखीव किंमत लावून काढलं, कुणी बोलीच लावली नाही, शेवटी २०२१ मध्ये ते साधारण ५२ कोटींना गेलं. पण स्वतःहून सामान काढणारेही लिलावच करतात. ट्विटरने जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसातलं जास्तीचं सामान काढलं तेव्हा त्यांच्या बोधचिन्हातल्या पक्ष्याचा पुतळा एक लाख डॉलरला गेला. विक्री मेळावा म्हणजे साड्यांचा सेल वाटेल. त्यापेक्षा 'कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या, वापरात नसलेल्या सामानाचा जाहीर लिलाव' लिहा, त्यावर कर्जाचा बोजा नसेल तर तेही लिहा, शंकाच राहणार नाही.

राखीव किंमत म्हणजे ज्याच्या खाली द्यायचं नाही तो आकडा. रेती घाटाच्या सरकारी लिलावात त्यालाच हातची किंमत म्हणतात, मला तो जास्त आवडतो, पण कंपनीच्या नोटिशीत राखीवच ठेवा. बोली लावायच्या आधी भरायची ती अनामत रक्कम.

———

मी जुन्या मशिनरीचा धंदा करतो म्हणून दोन गोष्टी. 'ॲज इज व्हेअर इज'ला 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे' हे सगळीकडे चालतं, पण त्याखाली एक ओळ टाकाच की मशीन खोलणं, क्रेन, गाडी आणि हमाली घेणाऱ्याकडे, नाहीतर उचलायच्या दिवशी गेटवर भांडणं होतात.

दुसरं, सगळ्या यादीवर 'भंगार' किंवा 'निर्लेखित' असं एकच लेबल लावू नका. निर्लेखित म्हणजे कागदावरून कमी केलेलं, ते सरकारी खात्यांचं बरोबर आहे. भंगार वाचलं की येणारा माणूस वजनकाटा घेऊनच विचार करतो, किलोचा भाव बोलतो. चालू लेथचा लॉट वेगळा करा, पुढे 'चालू स्थितीत, वीजजोडणीवर चालवून बघता येईल' असं लिहा, बघायची तारीख आणि वेळ द्या. मोडक्या खुर्च्या आणि पत्रा तेवढा भंगारात. टेम्पोचं आरसी बुक आहे की नाही तेही त्याच ओळीत येऊ द्या, त्यावर बोली बरीच बदलते.