दप्तरातल्या तक्रारवहीतलं काय लिबरऑफिस प्रकल्पाला कळवावं?

गिरगाव_दप्तर:
गिरगावातल्या एका ट्रस्टचं दप्तर. १२ संगणक, सगळ्यांवर उबुंटू २२.०४ आणि त्याच्यासोबत आलेलं लिबरऑफिस ७.३ (लेखन, तक्ते वगैरेंचा फुकट प्रोग्रामसंच). वापरणाऱ्यांसाठी ठेवलेल्या तक्रारवहीत ४० च्या वर नोंदी झाल्यात. बहुतेक 'हळू चालतं', 'अक्षर बिघडतं' अशा मोघम, पण चार नेमक्या आहेत. काही फायलींत श आणि ल हिंदी वळणाचे दिसतात. 'ॲप' शोधलं तर समोर दिसत असलेलं 'ॲप' सापडत नाही, आणि कुठे कुठे त्या शब्दात ठिपक्यांचं वर्तुळ येतं. पीडीएफमधून मजकूर उचलला की वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात. आणि ६० पानांच्या तक्त्यांची एक फाइल उघडायला पूर्वीच्या आवृत्तीपेक्षा फार वेळ लागतो.

यातलं प्रकल्पाला काय कळवण्यासारखं आहे? कसं लिहायचं? काहींचं म्हणणं, फुकट मिळालंय त्याबद्दल कुरकुर कसली करायची. ते बरोबर आहे का?

हलन्त:
आधी दोष कोणत्या थरातला आहे ते शोधा. चुकीच्या दारात टाकलेली तक्रार महिनोन्‌महिने पडून राहते.

श आणि ल यांचं मराठी वळण बऱ्याच युनिकोड फाँटांत असतं, पण मजकुराची भाषा 'मराठी' असेल तरच फाँट ते देतो. रायटरमध्ये (लिबरऑफिसच्या लेखन-प्रोग्राममध्ये) शब्द निवडा आणि खालच्या पट्टीत भाषा बघा. तिथे 'हिंदी' दिसलं तर दोष कोणाचाच नाही, फाइल तशी बनली आहे. टूल्स–ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'साठी मराठी ठेवा. जुन्या फायलींत सगळा मजकूर निवडून भाषा बदला. भाषा मराठी असूनही वळण हिंदीच राहिलं तर फाँट बदलून पाहा. दुसऱ्या फाँटात नीट दिसलं, तर तक्रार त्या फाँटाच्या प्रकल्पाकडे जाते.

लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि क्रोम हे तिन्ही अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हा एकच सामायिक कोड वापरतात. तोच शब्द त्याच फाँटात तिन्हीकडे बिघडला तर संशय फाँटावर किंवा हार्फबझवर. फक्त रायटरमध्ये बिघडला तर रायटरवर. पाच मिनिटांचं काम आहे, पण नोंद तपासणाऱ्याचे तास वाचतात.

'ॲप'चं प्रकरण टंकलेखनाचं आहे. ॲ हे स्वतंत्र अक्षर (सांकेतांक ०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. जुने कीबोर्ड अ लिहून त्यावर चंद्र देतात. युनिकोड या दोन रूपांना समान मानत नाही, म्हणून शोधात एकाला दुसरं सापडत नाही. हार्फबझ 'अ + चंद्र' ही जोडी अवैध धरून ठिपक्यांचं वर्तुळ घालतं. हे वर्तुळ मुद्दाम आहे, त्याची तक्रार करू नका. शोधा-बदला वापरून फायली दुरुस्त करा आणि कीबोर्ड बदला.

पीडीएफबाबत एवढंच: पीडीएफमध्ये चिन्हं दिसण्याच्या क्रमाने बसतात आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी. मूळ मजकूर सोबत ठेवण्याची 'ॲक्च्युअलटेक्स्ट' ही सोय आहे, पण काही वाचक-प्रोग्राम ती पाहतच नाहीत. तीच फाइल दोन वेगळ्या प्रोग्रामांत उघडून मजकूर उचला. एकात नीट आला तर दोष दुसऱ्या प्रोग्रामचा.

बिल्ड_पाहणारा:
चौथी नोंद खरी मोलाची, कारण 'पूर्वी नीट होतं, आता नाही' हे तीत आहे. पण ७.३ वर कळवू नका. ती फेब्रुवारी २०२२ ची आवृत्ती, प्रकल्पाचा तिला असलेला आधार त्याच वर्षी संपला. आजची आवृत्ती बाजूला बसवून (मूळ काढायची गरज नाही) तीच फाइल उघडा. वेळ कमी लागला तर प्रश्न मिटला. तितकाच लागला तर हेल्प मेन्यूतून सेफ मोडमध्ये सुरू करून पुन्हा मोजा. बिघडलेलं प्रोफाइल (साठवलेल्या सेटिंग्ज) किंवा एखादं एक्स्टेन्शन दोषी असेल तर इथेच कळतं.

मग फाइल छाटा. अर्धी पानं काढा, दोष टिकला तर उरलेल्यातली अर्धी काढा. ६० पानांची फाइल बहुधा दोन-तीन पानांवर येते. छाटताना सभासदांची नावं, फोन, देणग्यांचे आकडे काढून खोटा मजकूर भरा. बगझिलावर (प्रकल्पाच्या दोषनोंदींच्या संकेतस्थळावर) जोडलेली फाइल जगाला दिसते, हे विसरू नका.

नोंदीचं शीर्षक 'लिबरऑफिस हळू आहे' नको. 'मराठी मजकूर असलेल्या तक्त्यांची ओडीटी फाइल उघडायला अमुक सेकंद, आधीच्या आवृत्तीत तमुक' असं हवं. दोन्ही आवृत्त्यांत तीन-तीनदा मोजा आणि तिन्ही आकडे द्या. खाली पायऱ्या, काय व्हायला हवं, काय होतं, आणि हेल्प–अबाउटमधली आवृत्तीची माहिती जशीच्या तशी. एका नोंदीत एकच दोष.

'रिग्रेशन' (आधी चालणारं नव्या आवृत्तीत बिघडणं) हा शब्द तिथे फार कामाचा. प्रकल्पाकडे जुन्या तयार बिल्डांचे, म्हणजे चालवता येणाऱ्या प्रतींचे, साठे आहेत. मधला बिल्ड चालवायचा, चांगला की वाईट सांगायचं, पुन्हा मधला. १,०२४ बिल्डांतून १० फेऱ्यांत दोष आणणारा बदल सापडतो. याला बिबायसेक्ट म्हणतात. स्वतः जमलं नाही तर नोंदीत 'बिबायसेक्ट-रिक्वेस्ट' हा कीवर्ड टाकायला सांगा, दुसरं कोणी करतं.

प्रश्न विचारले गेले की नोंद 'नीड-इन्फो' (माहिती हवी) होते. सहा महिने उत्तर नाही गेलं तर आठवण येते, आणखी महिन्याभराने नोंद बंद होते. तक्रार करणाऱ्याने तिथला ईमेल वाचत राहणं म्हणूनच गरजेचं आहे.

गिरगाव_दप्तर:
भाषेची खूण पाहिली, 'हिंदी'च होती. आणखी एक: इंग्रजीत लिहिताना मराठी दोष समजावायचा कसा? आणि ते फुकटचं काय?

हलन्त:
तुमच्या तक्रारीची खरी किंमत इथेच आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू की स्वयंपाकी एवढा फरक. कोड लिहिणारा बर्लिनमध्ये असो की बंगळूरमध्ये, देवनागरी वाचत नसेल तर त्याला दोन्ही सारखेच. रफार चुकीचा पडला हे मराठी वाचणाराच सांगू शकतो. नोंदीत दोन्ही शब्द द्या, अर्थ द्या, सांकेतांक द्या (ऱ म्हणजे ०९३१), चुकीच्या चित्रावर गोल काढा आणि शेजारी बरोबर छापलेल्या शब्दाचं चित्र लावा. इंग्रजी साधं चालतं, चित्र स्पष्ट हवं.

लोकल_स्लो:
फुकट असो वा नसो, दोष सांगणं ही मदत आहे. हुकूम सोडणं वेगळं. एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या मुक्त प्रोग्रामच्या प्रकरणात दोन्ही दिसतं. २०२२ साली काही अनोळखी खात्यांनी मेलिंग लिस्टवर त्याच्या एकट्या देखभालकर्त्यामागे तगादा लावला: आवृत्त्या उशिरा येतात, दुसऱ्याला अधिकार द्या. त्यांतल्या एकाही मेलमध्ये दोष दाखवणारी पायरी नव्हती, फक्त दबाव होता. बिनपगारी काम आणि स्वतःची मानसिक तब्येत याबद्दल त्याने तिथेच लिहिलं होतं. ज्याला पुढे अधिकार मिळाले, त्या खात्यानेच ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार (गुपचूप शिरायची वाट) घातलं.

ते उघडं पडलं मार्च २०२४ मध्ये, आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकामुळे. एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या सोयीने) लॉगिन करायला ०.३ ऐवजी ०.८ सेकंद लागतायत हे त्याला खटकलं आणि तो कारणापर्यंत गेला. 'हळू वाटतं' एवढंच लिहिलं असतं तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

तुमच्या वहीत म्हणून तीन रकाने आखा: कोणती फाइल, कोणती पायरी, किती सेकंद किंवा कोणता शब्द. आणि तोच दोष आधीच नोंदलेला सापडला तर नवी नोंद उघडू नका. जुन्या नोंदीत आपली आवृत्ती आणि फाइल जोडा. नुसतं 'आमच्याकडेही' लिहिलं तर यादीतल्या प्रत्येकाला एक रिकामा ईमेल जातो.