शब्दचर्चा: 'अलोकेटर'ला मराठीत काय म्हणावं?

विश्रामबागकर: सांगलीत मुलांना मराठीतून सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. 'ॲरे', 'मेमरी' सहज चालतात. 'अलोकेटर'ला, म्हणजे प्रोग्रॅमला मेमरीतली जागा देणाऱ्या नि परत घेणाऱ्या भागाला, मी 'वाटपकर्ता' म्हटलं, तर एकीनं विचारलं, "बाई, वाटलेलं कुणी परत घेतं का?" तिचं खरं आहे. व्हेक्टरमध्ये (वाढत्या ॲरेमध्ये) आठ जणांची जागा भरली आणि नववा आला, की मोठी जागा मागायची (जीसीसी कंपायलरमध्ये दुप्पट, मायक्रोसॉफ्टच्यात दीडपट), सगळ्यांना तिकडे हलवायचं नि जुनी जागा परत करायची. ही देवघेव बघणाऱ्याला काय म्हणू?

हरिपूरकर: ताई, कोठावळा म्हणा. कोठीतून मोजून देणारा, आलेलं जमा करून घेणारा. वाटलं की हात झटकले. कोठीचा मात्र हिशेब राहतो. सी प्लस प्लसमध्ये काही सांगितलं नाही तर नेहमीचाच कोठावळा येतो, हवा तर आपला नेमता येतो. झिग या दुसऱ्या भाषेत कोणाच्या कोठीतून घ्यायचं ते उघड सांगावंच लागतं.

विश्रामबागकर: कोठावळा पटला! मग 'अरिना' या खास प्रकारच्या अलोकेटरला? 'आखाडा' अगदीच नको वाटतो.

हरिपूरकर: त्याला पेव, जमिनीतलं कोठार. आमच्याकडे हळद पेवातच साठवायचे. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मोठं पोट. उघडल्यावर कोंडलेली हवा जाईपर्यंत कोणी उतरायचं नाही. आणि एकदा उघडलं की सगळा माल बाहेर, तळातलं थोडंसं काढू म्हटलं तर जमत नाही. अरिनाही मागेल तशी पुढची जागा देत जातो, सुटी परत घेत नाही, काम संपलं की एकदम रिकामा. 2005च्या पुरात कितीतरी पेवं गेली. शब्द तरी रोजच्या कामात राहावा असं फार वाटतं.

मिरजकर: पण लोकांना 'पेव फुटणं' एवढंच ठाऊक. मेमरी फुटली असं वाटेल.

हरिपूरकर: दादा, दोन ओळींत पेव समजावलं की तो गोंधळ राहत नाही.

विश्रामबागकर: मला तर पेवामुळे एक अडचण नीट दाखवता येईल. वाढता ॲरे पेवात ठेवला तर 4, 8, 16 च्या जुन्या जागा तशाच अडकतात. 32 ची जागा मिळेपर्यंत 28 वाया! सी प्लस प्लस 17 (भाषेची 2017ची आवृत्ती) मधल्या मोनोटॉनिक बफर या तयार अरिनाचं असंच होतं.

हरिपूरकर: बरोबर. म्हणून आधीच 'रिझर्व्ह' करायचं, म्हणजे लागेल तेवढी जागा एकदाच मागून ठेवायची. किती पोती येणार हे बघूनच पेव धरतात.

विश्रामबागकर: उद्या फळ्यावर आधी पेवाचंच चित्र काढते.