मदत हवी आहे: डीकन जोन्सच्या सॅकचा आकडा कोणता लिहू?

मंडळी, अमेरिकन फुटबॉलपटू डीकन जोन्सवर मराठीत ५०० शब्दांचा लेख लिहितेय, एनएफएल लीगच्या १९६१ च्या खेळाडू-निवडीत चौदाव्या फेरीत निवडला गेलेला रॅम्स संघाचा डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू), स्नॅप (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होणं) झाला रे झाला की समोरच्याच्या हेल्मेटवर कानाजवळ तळहाताचा सणसणीत फटका मारून तो बावरला की क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर) झेपावायचा, पुढे १९७७ ला लीगने त्या फटक्यावरच बंदी आणली. हे सगळं जमलंय, अडलंय ते आकड्यावर.

सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) हा शब्द रूढ केला त्यानेच, पण लीग सॅक अधिकृतपणे मोजायला लागली १९८२ पासून आणि हा तर १९७४ लाच रिटायर! म्हणजे अधिकृत यादीत त्याचं नावच नाही, माझ्या मते हा अन्यायच आहे. जुन्या नोंदी तपासून अभ्यासकांनी १७३.५ काढलेत (अर्धा म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला), नंतरच्या काळातल्या ब्रूस स्मिथचे २०० आणि रेजी व्हाइटचे १९८ मात्र अधिकृत.

लीगची यादी आणि हॉल ऑफ फेमचं पान दोन्ही बघून झालंय. लेखात तक्ता किंवा तळटीप चालणार नाही, वाचक क्रिकेटवाले आहेत. मग १७३.५ हा आकडा स्मिथ-व्हाइटच्या शेजारी एकाच वाक्यात दिला तर चालेल का, आणि ‘अनधिकृत’ हे त्याचं मोठेपण कमी न करता कसं सांगू?