जुनी वस्तू हातात आली तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

बरेच दिवस मनात होतं हा विषय काढायचं. मातीतून निघालेली, कुणीतरी शेकडो-हजारो वर्षांपूर्वी वापरलेली वस्तू तुम्ही कधी हातात घेतली आहे का? किंवा काचेआडून बघितली आणि तिथून पाय निघेना असं झालंय का? शोध मोठाच पाहिजे असं काही नाही. माझ्यापासून सुरुवात करते. नववीत असताना नांगरलेल्या शेतात एक खापर सापडलं, काठाला बोटं दाबून केलेली नक्षी आणि एका खळग्यात नखाची कोर स्पष्ट उमटलेली. मी माझं नख तिथे टेकवलं तर बरोब्बर बसलं. म्हणजे मडकं करणारीचं बोट माझ्याएवढंच बारीक, माझ्याच वयाची असेल का ती? अंगावर सर्रकन काटा आला. तेव्हापासून हे वेड आहे.

*

विहिरीच्या गाळात हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं मिळालेलं, मी दहा-अकरा वर्षांचा, विटेच्या तुकड्याने घासून घासून चकचकीत केलं आणि त्याबरोबर अक्षरंही गेली. नाण्यांचा अभ्यास करणारे एक सर म्हणाले, आता कोणाचं होतं ते नाही सांगता येणार. अजून वाईट वाटतं. मनापासून सांगतो, असं काही सापडलं तर घासू नका, आधी जाणकाराला दाखवा. चीनमध्ये १९७४ साली शिआनजवळ शेतकऱ्यांना विहीर खणतानाच ते सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक सापडले ना, त्यांच्यावर मुळात रंग होते, पण बाहेर काढल्यावर कोरड्या हवेत काही मिनिटांत खालचा लाखेचा थर सुटून रंग गळायचे. दोन हजार वर्षं मातीने सांभाळलेलं! हे वाचलं तेव्हा माझं नाणंच डोळ्यांसमोर आलं.

*

कॉलेजात असताना एका उत्खननावर महिनाभर होते. पहिले बारा दिवस नुसती माती, ट्रॉवेलने खरवडायची, ब्रशने झाडायची, चाळणीतून चाळायची, निघालेल्या खापरांवर नंबर घालायचे, पाठीचा पार काटा ढिला. तेराव्या दिवशी आमच्या ट्रेंचमध्ये, म्हणजे खणायला आखलेल्या खड्ड्यात, मातीचा रंग एका जागी गोल बदललेला दिसला, हाताला मऊ लागत होती. मॅडम म्हणाल्या हा खांबाचा खड्डा. मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या झोपडीचा गोल समोर! हातात घेण्यासारखं काहीच नव्हतं, लाकूड कधीच कुजून गेलेलं, फक्त मातीचा रंग होता. पण कुणाच्या तरी घरात उभी आहे असं वाटून मी नकळत चपला काढल्या. मॅडमचं एक वाक्य कायम लक्षात आहे, वस्तूपेक्षा तिची जागा जास्त बोलते. कुठल्या थरात, कशाशेजारी होती ते लिहिलं नाही तर ती मुकी होते. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्याची पायरी १९२२ च्या नोव्हेंबरात सापडली, पण आतल्या पाच हजारांवर वस्तूंची नोंद करून त्या बाहेर काढायला ते शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला दहाएक वर्षं लागली, ती का, ते त्या महिन्यात समजलं.

*

मी ओट्झीला, म्हणजे बर्फात टिकून राहिलेल्या त्या प्राचीन माणसाच्या देहाला, बघून आलोय, इटलीतल्या बोल्झानोच्या म्युझियममध्ये, एका छोट्या खिडकीतून. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात गिर्यारोहकांना दिसला तेव्हा हल्लीच मेलेला कुणीतरी वाटला होता, निघाला सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. खांद्यात बाणाचं टोक होतं, ते तर पुढे २००१ मध्ये एक्सरेत दिसलं. पण मला भिडलं ते वेगळंच. त्याच्या अंगावर ६१ गोंदणं आहेत, बरीचशी कंबर, गुडघा, घोटा अशी, जिथे सांधे झिजलेले तिथेच, त्यामुळे दुखण्यावरचा उपाय असावा असं अभ्यासक म्हणतात. माझे वडील शेवटची काही वर्षं कमरेला हात लावूनच उठायचे. त्या खिडकीपाशी मला तेच दिसत होते.

*

छोटासा अनुभव. सरांनी वर्गात दगडाची हातकुऱ्हाड फिरवली होती, लाखो वर्षं जुनी. उजव्या हातात नीट बसेना, डाव्या हातात घेतली तर अंगठा आपोआप खळग्यात गेला. मी डावखुरा आहे. बाकी काही लिहायला सुचत नाही.

*

सगळ्यांचे आभार, ट्रेंचचा अनुभव तर दोनदा वाचला. आज ते खापर डब्यातून काढलं आणि चिठ्ठी लिहून आत ठेवली. ओढ्याच्या वरच्या अंगाला, बांधापासून वीसेक पावलांवर, नांगरणीनंतर, वर पडलेलं. शेजारी आणखी काय होतं ते खूप आठवून बघितलं, नाही आठवलं.