ऑफिसचा कॉम्प्युटर भंगारात द्यायचा की लिनक्स टाकायचं?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर फारच हळू होऊन राहिला. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि ११ या मशीनवर चढत नाही, असं दुरुस्तीवाला सांगून गेला. नवीन घ्यायचा तर सभेत विषय घ्यावा लागेल. कोणाला काही सुचते का?

बी-२०४: साहेब, भंगारात देऊ नका. मशीन धडधाकट आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो, आपला त्या यादीत बसत नाही, एवढंच. विंडोजच्या जागी लिनक्स टाकू, ती फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिचा लिनक्स मिंट हा प्रकार घेऊ, त्यातही हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंटवाले कमीत कमी २ जीबी रॅम मागतात, ४ असली तर आरामात म्हणतात, आणि आपल्याकडे ४ आहे. फक्त जुनी हार्ड डिस्क काढून बर्डीच्या बाजारातून एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणा. वेगाचा खरा फरक तिनेच पडेल.

खजिनदार: आणि हिशेबाचं टॅली?

बी-२०४: टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, भाऊ. जुगाड करून चालवता येईलही, पण हिशेबाच्या कामात जुगाड नको. टॅली तुमच्या लॅपटॉपवर आहे तिथंच राहू द्या. ऑफिसच्या मशीनवर नोटिसा, पावत्या, टँकरचं रजिस्टर आणि मेल एवढंच काम होते, त्याला वर्ड-एक्सेलसारखं लिब्रे ऑफिस पुरून उरते. कोणाला फाइल पाठवायची तर पीडीएफ करून पाठवा, कारण दुसऱ्याच्या वर्डमध्ये तक्ते कधीकधी सरकतात.

ए-१०२ काकू: मी नोटिसा टाइप करते, माझं काय? माझा हात जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर बसलेला आहे. ते इनस्क्रिप्ट कीबोर्ड मला आता या वयात शिकायचं नाही. आणि जुन्या सगळ्या नोटिसा कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत.

बी-२०४: काकू, तुमचा रेमिंग्टन लिनक्समध्ये आहे. आयबस नावाची वेगवेगळ्या भाषांत टाइप करायची सोय असते, तिला 'एम१७एन'ची जोड दिली की मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन, टाइपरायटर असे पर्याय येतात. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'आयबस एम१७एन' शोधून टाकायचं, लॉगआउट करून परत यायचं आणि हवा तो निवडायचा. बोटं तीच राहतील, उमटेल मात्र युनिकोड, म्हणजे फाइलमध्येही खरं मराठी अक्षर.

जुन्या नोटिसांचं जरा नीट सांगतो, कारण लोक इथंच घाबरून परत फिरतात. कृतिदेवमध्ये फाइलच्या आत मराठी अक्षर नसतेच. तुम्ही 'का' टाइप करता तेव्हा फाइलमध्ये इंग्रजी 'डी' आणि 'के' साठवले जातात, आणि फॉन्ट त्यांच्यावर क आणि काना यांचं चित्र काढतो. फॉन्ट नसला की ती इंग्रजी अक्षरं उघडी पडतात आणि वाटते की फाइल खराब झाली. फाइल शाबूत असते. फॉन्टची फाइल नवीन मशीनवर नेऊन दोनदा क्लिक करून इन्स्टॉल केली की नोटीस जशीच्या तशी दिसते. पण शोधायला 'पाणीपट्टी' टाकाल तर सापडणार नाही, म्हणून लागणाऱ्या नोटिसा हळूहळू युनिकोडमध्ये बदलून ठेवू. ते काम मी करून देतो. अक्षरांच्या जोडण्या तेवढ्या तुम्ही तपासा, रफार आणि पहिली वेलांटी बदलताना हमखास सरकते.

ए-१०२ काकू: बरं. हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

सी-३०१: काका, केडीई कनेक्ट पण टाका. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असले की फोटो, पीडीएफ थेट इकडून तिकडे जाते, केबल नको. आणि स्कॅनमधली उलटी आलेली पानं सरळ करायला, नको ती काढायला पीडीएफ अरेंजर मस्त आहे. कागदपत्रं कुठल्या तरी वेबसाइटवर चढवायची गरजच नाही.

बी-२०४: बरोबर बोललास. सभासदांचे आधार आणि करारनामे अनोळखी साइटवर जाऊन राहिले होते, ते यानं थांबेल.

पण मिंट टाकल्यावर सगळ्यात आधी टाइमशिफ्ट चालू करायचं. ते मिंटमध्ये आधीपासूनच असते. सिस्टिमची रोजची किंवा आठवड्याची स्थिती साठवून ठेवते. एखाद्या अपडेटनं गडबड केली तर कालच्या स्थितीत परत जाता येते. स्क्रीनच उघडत नसेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून चालू करूनही परत आणता येते.

खजिनदार: म्हणजे बॅकअप झाला न? वेगळी डिस्क काऊन घ्यायची मग?

बी-२०४: नाही भाऊ, हाच घोटाळा होतो. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम सांभाळते. तुमच्या नोटिसा, पावत्या असलेलं होम फोल्डर ते मुद्दामच वगळते, नाहीतर सिस्टिम मागे नेताना आजची पावतीही मागे गेली असती. शिवाय ते त्याच डिस्कवर साठवलं तर डिस्क गेली की तेही गेलं. फाइलींच्या बॅकअपसाठी देजा डुप नावाचं सॉफ्टवेअर टाकू आणि बाहेरची एक डिस्क लावू. ती डिस्क बॅकअप झाला की काढून कपाटात. उन्हाळ्यात लाइन जाऊन-येऊन राहते, तेव्हा सतत जोडलेली नको. आणि महिन्यातून एखादी फाइल त्यातून परत काढून बघायची, उघडली तरच तो बॅकअप खरा.

सेक्रेटरी: प्रिंटर चालेल का पण? दर महिन्याची बिलं त्याच्यावरच निघतात.

बी-२०४: ते टाकायच्या आधीच कळते. व्हेंटॉय नावाच्या सॉफ्टवेअरनं एक पेनड्राइव्ह तयार करू. पहिल्या वेळी तो पूर्ण पुसला जातो, म्हणून रिकामा घ्या. मग मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण सिस्टिमची एकच फाइल, त्यावर नुसती कॉपी करायची आणि मशीन त्यावरून चालू करायचं. डिस्कला हात न लावता प्रिंटर, वाय-फाय, आवाज सगळं तपासून घेऊ. प्रिंटरनं कागद काढला नाही तर मी स्वतःच थांबा म्हणेन.

सेक्रेटरी: मग रविवारी ११ वाजता ऑफिसात बसू. एसएसडी तपासणी झाल्यावरच घेऊ.

ए-१०२ काकू: मी येते. रेमिंग्टनवर एक ओळ टाइप करून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

बी-२०४: नक्की, काकू. पेनड्राइव्हवरच चालू करून देतो. साहेब, फक्त ऑफिसचं नेट तेव्हा चालू ठेवा, ते एम१७एन उतरवावं लागेल.