हायड्रोजनची गाडी येईल म्हणून थांबलेल्यांनो, किती थांबणार?

घाटरस्ता (धागाकर्ता)
लग्नात, ऑफिसात, कट्ट्यावर एक वाक्य हमखास कानावर येतं: "इलेक्ट्रिक नको रे, दोन-चार वर्षांत हायड्रोजन येतोय." मार्च २०२२ मध्ये गडकरी टोयोटाच्या मिराई या हायड्रोजनवाल्या मोटारीत बसून संसदेत गेले, तेव्हापासून तर जास्तच. माझं मत: घरच्या मोटारीसाठी हायड्रोजन येत नाहीये. त्याच्या नावाखाली आपण निवांत पेट्रोल भरत बसलोय.

हिशेब साधा आहे. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो ७०० बार (हवेच्या साधारण सातशेपट) दाबाने टाकीत कोंबायची वीज वेगळी. मिराईत ५.६ किलो मावतो, त्यात ती साधारण साडेसहाशे किलोमीटर जाते. म्हणजे शंभर किलोमीटरला पन्नासेक युनिट. नेक्सॉनच्या आकाराची बॅटरीवाली गाडी तेवढंच अंतर, चार्जिंगमधली गळती धरून, १७-१८ युनिटमध्ये कापते. तिप्पट वीज खाणारी गोष्ट स्वस्त कशी पडणार, हे कोणीतरी समजवा.

कॅलिफोर्नियात प्रयोग करून झालाय. टोयोटा गाडीबरोबर १५,००० डॉलरचं इंधन फुकट देत होती. पुढे हायड्रोजन किलोला ३६ डॉलरपर्यंत गेला, म्हणजे टाकी भरायला दोनशे डॉलर. २०२४ मध्ये शेलने तिथले मोटारींचे हायड्रोजन पंपच बंद केले. गाडी दारात, पंपाला कुलूप.

ऊर्जानगरकर
वीज वीज करताय, पण तारेचं दुसरं टोक आमच्या चंद्रपूरच्या कोळसा वीजकेंद्रात आहे. देशातली ७० टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची. युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तुमचे १७ युनिट १२ किलोचे झाले. पेट्रोलचे लिटरमागे २.३ किलो, १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर शंभर किलोमीटरला १५ किलो. १५ चे १२ करायला तीन-चार लाख जास्त मोजायचे, आणि राख पडायची आमच्या गच्चीवर. पुण्याची हवा मात्र स्वच्छ!

घाटरस्ता
राखेचं मान्य, त्यावर वाद नाही. पण तोच कोळसा हायड्रोजनला लावा: ५० युनिटचे ३५ किलो. पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. शिवाय पेट्रोलचे १५ फक्त धुराड्यातले. विहिरीपासून रिफायनरीपर्यंतचे तुम्ही धरलेच नाहीत.

रसायनवाला
दोघेही एक गोष्ट सोडताय. आज देशात हायड्रोजन पाण्यातून जवळपास येतच नाही. तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो, किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड सोडून. मिराईला लावा: शंभर किलोमीटरला साडेआठ, दाबायची वीज धरली तरी दहा-अकरा. कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या गाडीपेक्षा थोडं कमीच! (घाटरस्ता, ह.घ्या.)

पण म्हणून त्यावर मोटारी चालवा असं मी म्हणणार नाही. अलिबागजवळ थळला आरसीएफ ही सरकारी खत कंपनी खतासाठी वायूपासूनच हायड्रोजन काढते. रिफायनऱ्यांना तो इंधनातलं गंधक काढायला लागतो. बीएस-६ (प्रदूषणाचे सध्याचे निकष) पेट्रोलमध्ये गंधक दशलक्षात १० भागांवर आणलंय ते त्याच जोरावर. म्हणजे तुमच्या पेट्रोल गाडीमागेही हायड्रोजन आहेच. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित (म्हणजे सौर-पवन विजेसारख्या स्वच्छ ऊर्जेवर बनणाऱ्या) हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर केलं. त्यातून निघणारा पहिला किलो खत कारखान्याला द्या. तिथे दुसरा पर्याय नाही, मोटारीला आहे.

पिवळी पाटी
सगळे शहाणे एका बाजूला बसलेत. मी अकोल्याहून टूरिस्ट गाडी चालवतो. सीझनमध्ये नागपूर विमानतळ, शेगाव, शिर्डी, परत. गिऱ्हाईक चहाला दहा मिनिटं देतं, चार्जिंगला पाऊण तास नाही देत. वर चार्जर चालू असेल याची गॅरंटी नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत एसी फुल ठेवून कंपनीने सांगितलेली रेंज दाखवा बरं मला. इथेनॉल घालून पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज पाडलं, तरी पाच मिनिटांत टाकी फुल होते न भाऊ. हायड्रोजनही तसाच भरतात म्हणे. मग तो आला तर मी घेईन, तुमच्या पोटात का दुखतं?

घाटरस्ता
दुखत काही नाही. अकोल्यात पंप कोण टाकणार, एवढंच विचारतोय. वीज निदान तिथे पोहोचलेली आहे. तुमच्या धंद्याला आज बॅटरी बसत नाही हे खरं, तुम्ही पेट्रोल-सीएनजीच चालवा. माझा धागा रोज ४० किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्यांसाठी आहे.

ट्रेलरमालक
मोटारीचं सोडा. ४० टनी ट्रेलर बॅटरीवर न्यायचा तर काही टन बॅटरीच वाहायची, तेवढं भाडं गेलं. टाटाने मार्च २०२५ मध्ये १६ हायड्रोजन ट्रकची चाचणी सुरू केली, मुंबई-पुण्याकडचे मार्गही त्यात आहेत. काही उगीच नाही.

रसायनवाला
चाचणी होऊ द्या की. ऑगस्ट २०२२ मध्ये एनसीएल ही सरकारी रसायन प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांची हायड्रोजन बसही पुण्यातच दाखवली होती, चांगलं काम होतं. पण पीएमपीच्या ताफ्यात आज शेकड्यांनी धावतायत त्या बॅटरीच्या बस. चीनमध्ये तर ट्रकची अख्खी बॅटरी काढून दुसरी बसवतात, ट्रक लगेच पुढे.

मानद सेक्रेटरी
इतकं मोठं बोलताय, पण गाडी अडते आमच्या पार्किंगमध्ये. मीटररूमपासून स्टिल्टपर्यंत ओढलेली केबल पावसाळ्यात पाण्यात, वर सदस्यांचा प्रश्न "आग लागली तर?" आणि ७.२ किलोवॉटचे वीस चार्जर एकदम चालू झाले तर १४४ किलोवॉट. ट्रान्सफॉर्मरचे पैसे कोण देणार, ज्यांच्याकडे गाडीच नाही ते?

घाटरस्ता
साहेब, खाली पेट्रोलच्या साठ गाड्या उभ्या असतात, प्रत्येकीत ३०-४० लिटर. त्यांना कोणी एनओसी मागितली होती का? आणि ७.२ किलोवॉट हवाच कोणाला? ४० किलोमीटरला सात युनिट. गीझरच्या १५ अ‍ॅम्पिअर सॉकेटवर अडीच-तीन तास. निम्म्यांनी दहानंतर लावायची, निम्म्यांनी दोननंतर.

मानद सेक्रेटरी
रात्री दोनला उठून प्लग कोण लावणार?

घाटरस्ता
कोणी नाही. गाडीत टायमर असतो.

मानद सेक्रेटरी
मग १५ अ‍ॅम्पिअर देतो. पण मीटर स्वतःच्या नावाचं, महावितरणकडून वेगळं घ्यायचं. केबल भिंतीवरून पाइपात, आणि वायरमनची सही. सोसायटीच्या कॉमन मीटरला कोणी हात लावायचा नाही.