असेंब्लीला इम्पॅक्ट गन? माझा विरोध आहे

आटेबहाद्दर (भोसरी)
आमचं छोटं शॉप, पाण्याचे पंप जोडायचं काम. केसिंगला ८ बोल्ट, एम १०, ८.८ ग्रेड, टॉर्क (आवळायचा पीळ) ४५ न्यूटन-मीटर, मध्ये गॅस्केट (गळती रोखणारा मऊ थर). मालक बोल्ट आवळायच्या हवेवरच्या नव्या गन घेताहेत आणि विक्रेता इम्पॅक्ट गळ्यात मारतोय. का, तर कॅटलॉगमध्ये ४०० न्यूटन-मीटरच्या पुढचा आकडा! माझ्या मते इम्पॅक्ट गंजलेले नट सोडवायला आणि पंक्चरवाल्याला. आतला हातोडा किती ठोके मारणार हे पोराच्या बोटावर. दोन सेकंद जास्त दाबलं की बोल्ट ताणला, नाहीतर आटे गेले. त्यापेक्षा शट-ऑफवाली ऑइल पल्स गन घ्या. धक्का तेलातून जातो, ठरल्या टॉर्कला हवा आपोआप बंद होते, मनगटाला झटका नाही. महाग आहे, मान्य.

गल्लीतला_फोरमन
महाग आणि वर नखरे. १२ वर्षं इम्पॅक्टने मारतोय. शेवटी प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंचचा (लावलेल्या टॉर्कला वाजणारा हातपाना) क्लिक, वर मार्करची रेघ. एक पंप परत आलेला नाही. एवढ्याशा शॉपला हा थाट कशाला?

आटेबहाद्दर
तिथेच तर गोम आहे, दादा. रेंच ४५ ला लावली आणि बोल्ट आधीच ८० ला गेलेला असला, तरी क्लिक वाजणारच. कमी आवळलेला बोल्ट रेंच पकडते, जास्त आवळलेला नाही. इम्पॅक्ट वापरायचीच तर २५-३० च्या आसपास सोडायची, उरलेलं हाताने. क्लिकच्या आधी तुमची रेंच थोडी तरी फिरते का?

चाकण_लाइन_टू
तुम्ही दोघंही हवेतच आहात. हवा फुकट नसते! कंप्रेसरला दिलेल्या विजेतली १०-१५ टक्केच कामाला लागते, बाकीची उष्णता होऊन जाते. लाइनला ३ मिमीचं एक भोक असलं तरी ७ बारला साधारण साडेतीन किलोवॅट नुसते फुसफुसत जातात. आमच्याकडे महत्त्वाच्या जोडांना वायरवाली इलेक्ट्रिक नट रनर आहे, म्हणजे ठोके न मारता सलग फिरवून आवळणारी गन. टॉर्क आणि कोन दोन्ही मोजते, बोल्टगणिक नोंद ठेवते, ऑडिटला ग्राहक तेच मागतो. आणि पल्सचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगतो: गॅस्केट असलं की जोड सॉफ्ट. प्रत्येक धक्क्याचा दम गॅस्केट दाबण्यातच जातो. पल्स कडक जोडाला, जिथे बोल्ट टेकल्यावर ३० अंशांत टॉर्क पुरा होतो.

निवृत्त_मेंटेनन्स
इलेक्ट्रिकचा कंट्रोलर गेला की लाइन थांबवून कंपनीच्या माणसाची वाट बघत बसा. हवेची मोटर अडवून धरली तरी जळत नाही. व्हेन (मोटरमधल्या पात्या) घासल्या तर बदला, अर्ध्या तासात गन परत लाइनवर.

पण गनला प्रेशर किती मिळतंय, हे कोणीच विचारलं नाही. कॅटलॉगचे आकडे ६.३ बारचे, तेही गन चालू असताना, गनच्या तोंडाशी. कंप्रेसरवरचा काटा ७ दाखवतो म्हणून खूश होऊ नये. एका शॉपमध्ये नवी गन ‘कमजोर’ म्हणून परत पाठवायला निघाले होते. बघतो तर १० मीटरची बारीक स्प्रिंग होज, मध्ये ३ कपलर. ट्रिगर दाबला की काटा साडेचारवर! जाड होज लावली, गन सुधारली. आणि पावसाळ्यात एफआरएलमधलं (हवेच्या लाइनवरचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) पाणी रोज काढा हो. मोटर गंजते आणि शिव्या गन बनवणाऱ्याला.

गल्लीतला_फोरमन
आज मुद्दाम पाहिलं. ८ पैकी ५ बोल्टांना रेंच जागेवरच क्लिक, तसूभर फिरली नाही. तरी पंप परत आलेला नाही, हेही लिहून ठेवा.

आटेबहाद्दर
लिहून ठेवलं :)
गॅस्केटचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. आता मालकांना हवेवरचीच, क्लचवाली (ठरल्या टॉर्कला सुटणारी) अँगल नट रनर सुचवतोय, रिॲक्शन बारसकट, म्हणजे उलटा जोर हाताऐवजी जिगवर (पंप धरणाऱ्या चौकटीवर) जाईल. बोल्ट समोरासमोर आवळायचे, दोन फेऱ्यांत, कारण गॅस्केट बसलं की पहिले बोल्ट सैल पडतात. चाकणकर, आमच्याकडे नोंदी कोणी मागत नाही, त्यामुळे इलेक्ट्रिक आत्ता नाही. पण ते ३ मिमीचं भोक डोक्यात बसलंय. गुरुवारी सुट्टीला मशीन बंद असतात, तेव्हा नुसता कंप्रेसर लावून फुसफुस ऐकत फिरणार आहे.

चाकण_लाइन_टू
गुरुवारी महावितरणने लाइट ठेवली तर ऐका.